हरलेल्यांची गाणी

पॉवर मेटल ऐकतो असं सांगितलं की साधारण दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतात. ज्यांचा मेटलशी काहीच संबंध नाही ते म्हणतात, "म्हणजे ते घसा फाडून ओरडतात तेच ना?" ही मंडळी परवडली. त्यांच्या कानाला हेडफोन लावून एक गाणं ऐकवलं की काम होतं. दुसरे म्हणजे स्वतः मेटल ऐकणारे. ते काही बोलत नाहीत, गालातल्या गालात हसतात. मेटलवाल्यांच्या पंगतीत थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम वगैरे मानकऱ्यांची पानं आधी मांडली जातात आणि पॉवर मेटलला शेवटी कुठेतरी पोराटोरांबरोबर बसवतात.

आता हसण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. कव्हरवर ड्रॅगन, हातात तलवारी, केसांवर कुठून तरी पंख्याचा वारा, ड्रमर तर लोकल सुटत असल्यासारखा धावत सुटलेला, आणि दर दीड मिनिटाने एक कोरस, ज्यात आपण सगळे मिळून अंधाराचा पराभव करतो. हॅम्बुर्गच्या हॅलोवीनने १९८७ आणि १९८८ साली 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'चे दोन भाग काढले आणि या प्रकाराचा साचाच पाडून दिला. पुढे १९९७-९८च्या सुमारास तर युरोपात पीकच आलं. इटलीचा रॅप्सडी, स्वीडनचा हॅमरफॉल, फिनलंडचे स्ट्रॅटोव्हॅरियस आणि नाइटविश. सगळे वेगात, सगळे वरच्या पट्टीत, आणि बहुतेक सगळे जिंकलेले. मला यातलं बरंच आवडतं. पण "यात एवढं गंभीर काय आहे?" असं कुणी विचारलं, तर यातल्या निम्म्या अल्बमसाठी माझ्याकडे उत्तर नाही.

एका अल्बमसाठी मात्र आहे. ब्लाइंड गार्डियनचा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ', १९९८. माझ्याच वयाचा आहे साधारण, आणि माझ्यापेक्षा बराच बरा टिकलाय. माझं म्हणणं असं, की लोक ज्याला पॉवर मेटलचा शिरोमणी वगैरे म्हणतात त्या अल्बममध्ये विजय जवळजवळ नाहीच. यात जो कुणी तोंड उघडतो तो हरलेला असतो किंवा हरणार असतो, आणि बहुतेकांना ते पक्कं ठाऊक असतं. ड्रॅगनवाल्या संगीताची सगळी आयुधं घेऊन या चौघांनी पासष्ट मिनिटं फक्त पश्चात्ताप, शरम आणि शोक गायलाय. आणि तो तसाच गायला हवा होता, मोठ्याने. हळू आवाजात हे जमलं नसतं.

थोडी ओळख करून देतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ब्लाइंड गार्डियन जर्मनीतल्या क्रेफेल्डचा बँड. सुरुवात १९८०च्या दशकात, तेव्हा नाव होतं 'ल्युसिफर्स हेरिटेज' (बरं झालं बदललं). गायक हान्सी क्युर्श, लीड गिटारवर आंद्रे ओल्ब्रिख, ऱ्हिदम गिटारवर मार्कुस झीपन आणि ड्रमवर तेव्हा थोमेन श्टाउख. १९८८च्या पहिल्या अल्बमपासूनच टोलकिन यांच्या मानगुटीवर बसलेला होता, पण तेव्हाची गाणी म्हणजे पुस्तक वाचून हरखून गेलेल्या पोरांनी वेगात वाजवलेलं स्पीड मेटल. दहा वर्षं आणि पाच स्टुडिओ अल्बम झाल्यावर त्यांनी एक अख्खा अल्बम 'सिल्मरिलियन'वर करायचं ठरवलं. लक्षात घ्या, पीटर जॅक्सनचा पहिला सिनेमा आला डिसेंबर २००१ मध्ये. त्याआधी तीन वर्षं हा उद्योग, आणि तोही 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर नाही, तर टोलकिनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने, क्रिस्टोफरने, कागद जुळवून १९७७ साली छापलेल्या पुस्तकावर. उत्साहाने हातात घेऊन नावांच्या जंगलात हरवून परत कपाटात ठेवलं जातं ना, तेच पुस्तक.

त्या जंगलातून अल्बमपुरती वाट काढायची तर गोष्ट अशी. देवांच्या भूमीत दोन झाडं आहेत, जगाचा सगळा उजेड त्यांचा. फेआनोर नावाच्या एका एल्फने त्या उजेडाचे तीन रत्नमणी घडवलेत. मॉर्गॉथ (सौरॉन हा त्याचा हाताखालचा माणूस, यावरून अंदाज करा) एका महाकाय कोळिणीला घेऊन येतो, झाडं मारतो, फेआनोरच्या बापाला मारतो आणि मणी घेऊन पळतो. अंधार पडतो. फेआनोर आणि त्याचे सात मुलगे शपथ घेतात की हे मणी ज्याच्या हातात असतील, तो कोणीही असो, त्याला सोडणार नाही. इथून सगळा नाश सुरू. पाठलाग करायला जहाजं हवीत, ज्यांच्याकडे आहेत ते आपलेच भाईबंद, ते देत नाहीत, म्हणून त्यांची कत्तल. पलीकडे पोचल्यावर ती जहाजं परत पाठवण्याऐवजी जाळून टाकली जातात, आणि मागे राहतो फेआनोरचा सावत्र भाऊ फिंगोल्फिन, हजारो माणसांसकट. तो बर्फावरून चालत निघतो. पुढची काही शतकं नुसतं युद्ध, आणि ते कधीच जिंकता येणार नाही हे देवांनी आधीच सांगून ठेवलेलं.

एका शपथेपायी अख्खं घराणं बुडतं, ही गोष्ट मराठी माणसाला नवीन वाटायचं कारण नाही. आपण भीष्माच्या प्रतिज्ञेवर वाढलोय. वडीलधाऱ्याने आवेशात उच्चारलेलं एक वाक्य, आणि पुढे तीन पिढ्या ते फेडत बसतात. त्यामुळे 'सिल्मरिलियन' इंग्रजांपेक्षा आपल्याला लवकर पचावं असं मला नेहमी वाटत आलंय. असो.

खरी गंमत ही की अल्बम ही गोष्ट सांगतच नाही. पुस्तक न वाचता अल्बम ऐकलात तर कोण कुणाचा काका हे शेवटपर्यंत कळणार नाही. त्यावर टीकाही होते आणि ती चूक नाही. पण हान्सीने इथे एक फार शहाणा निर्णय घेतलाय. कथानक त्याने बाजूला ठेवलंय आणि कथानकातल्या एकेका माणसाला पुढे उभं करून त्याला बोलायला लावलंय. 'मृत्युंजय' ज्यांनी वाचलंय त्यांना पटकन कळेल. तिथे कर्ण बोलतो, मग कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, आणि महाभारत आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे घटना काय घडली यापेक्षा त्या माणसाला ती आतून कशी दिसली हे महत्त्वाचं होतं. किंवा गाण्याचंच उदाहरण हवं असेल तर गदिमा-बाबूजींचं 'गीतरामायण' घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी, आणि त्यातली बरीचशी त्या त्या पात्राच्या तोंडी. रामायण कुणाला सांगायचं नव्हतंच, ते घराघरात होतं. क्रेफेल्डच्या या चौघांनी श्रोत्याला 'सिल्मरिलियन' पाठ आहे असं गृहीत धरलं. हा जरा अतिच आत्मविश्वास होता, पण अल्बम उभा राहिलाय तो त्याच्यावरच.

आता सुरुवातच बघा. पहिला ट्रॅक, 'वॉर ऑफ राथ', पावणेदोन मिनिटांचं निवेदन. काय आहे त्यात? मॉर्गॉथचा शेवट. सगळं संपलंय, खलनायक हरलाय, सौरॉन त्याला निघून जायला सांगतोय आणि तो मागे वळून बघतोय. अल्बमची सुरुवात शेवटापासून होते आणि पुढचं सगळं म्हणजे आठवण. म्हणजे वाईट बाजूसुद्धा हरलेलीच उभी केलीय! त्यानंतर 'इनटू द स्टॉर्म' अंगावर येतं ते इतक्या जोरात की पहिल्यांदा ऐकताना हे लक्षातही येत नाही की यातली दोन्ही पात्रं चोर आहेत आणि चोरीच्या मालावरून भांडताहेत.

शीर्षकगीत 'नाइटफॉल' हे खरं तर अंत्ययात्रेचं गाणं. झाडं मेलीत, बाप मेलाय. हलक्या हाताने वाजवलेली गिटार, जवळजवळ अंगाईसारखी सुरुवात, आणि मग कोरस उसळतो तेव्हा त्यात पन्नास माणसं असल्यासारखी वाटतात. इथे कोरसबद्दल दोन शब्द. हा अल्बम म्हणजे आवाजाची थप्पी आहे. हान्सीने स्वतःचाच आवाज एकावर एक कितीतरी वेळा रेकॉर्ड केलाय, त्याच्या जोडीला चार गायकांचा कायमचा कोरस आहे, आणि क्वीन या बँडचं ऋण उघड दिसतं. (पुढच्या अल्बमचं नावच त्यांनी 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' ठेवलं. आता बोला!) आधीपर्यंत हान्सी बेसही वाजवायचा, या अल्बमपासून त्याने ते सोडलं, बेस ओलिवर होल्त्सवार्थकडे गेला आणि हान्सी फक्त गाऊ लागला. फरक ऐकू येतो. आधी तो एकाच आवाजात सगळं गायचा, इथे तो माणसागणिक आवाज बदलतो. फेआनोर गरजतो, मॉर्गॉथ खरवडल्यासारखा बोलतो, फिनरॉड जवळजवळ कुजबुजतो.

'द कर्स ऑफ फेआनोर'मध्ये हा गरजणारा फेआनोर भेटतो. आपल्याला जराही पश्चात्ताप नाही असं तो छाती ठोकून सांगतो, आणि मारलेल्यांच्या किंकाळ्या कानातून जात नाहीत हेही त्याच दमात सांगून बसतो. अल्बममधला हा एकच माणूस आपण हरलोय हे मान्य करत नाही. म्हणून तो सगळ्यात भीतीदायक वाटतो.

मग 'ब्लड टिअर्स'. फेआनोरचा थोरला मुलगा माइध्रोस मॉर्गॉथच्या हाती सापडतो, आणि त्याला एका कड्यावर उजव्या मनगटाला साखळी बांधून टांगून ठेवलं जातं. वर्षानुवर्षं. त्याला सोडवायला येतो फिंगोन, म्हणजे ज्याला जहाजं जाळून पलीकडे मरायला सोडलं त्या फिंगोल्फिनचा मुलगा. साखळी तुटत नाही, म्हणून हात मनगटातून कापावा लागतो. दुसऱ्या कुठल्याही बँडने या प्रसंगातून सुटकेचं गाणं केलं असतं, गरुड वगैरे घेऊन (पुस्तकात गरुड आहेही). इथे मात्र गाणं त्या टांगलेल्या माणसाच्या डोक्यात घडतं. शांत, सुट्या तारांची गिटार, मग अचानक सगळं कोसळल्यासारखा कोरस, मग परत शांत. वेदनेची लाट येते आणि ओसरते तसं. सुटका झाल्याचा आनंद मला तरी त्यात कुठे सापडलेला नाही.

'मिरर मिरर' सगळ्यांना माहीत असतं. त्याचा सिंगलही निघाला, आणि अल्बममधल्या एकाच गाण्याचं नाव विचारलं तर दहातले नऊ हेच सांगतील. मध्येच लोकनृत्याची गिरकी घेणारं, उड्या मारायला लावणारं गाणं. विषय काय? फिंगोल्फिनचा दुसरा मुलगा टुर्गोन डोंगरांच्या कड्याआड गोंडोलिन हे गुप्त शहर बांधतोय, आणि समुद्राच्या देवाने त्याला बजावलंय की आपल्या हातांनी घडवलेल्यावर फार जीव लावू नकोस, हे पडणार आहे. तरी तो बांधतो. (तीन वर्षांनी बंद होणार हे किक-ऑफ मीटिंगमध्येच कळलेल्या सिस्टिमवर मन लावून काम केलेल्यांना टुर्गोन जवळचा वाटेल. मला वाटतो.) युरोपातले हजारो लोक मुठी उंचावून जे गाणं गातात ते एका पडणाऱ्या शहराचं आहे. मला हे फार आवडतं. यात फसवणूक काही नाही, शहर बांधताना टुर्गोनलाही आनंद झालाच असणार की.

पण अल्बमचं हृदय माझ्या मते फिंगोल्फिनच्या दोन गाण्यांत आहे. 'नोल्डोर' आणि 'टाइम स्टँड्स स्टिल'. आणि ही दोन्ही एकामागोमाग ऐकायची, मधल्या चव्वेचाळीस सेकंदांच्या निवेदनासकट.

'नोल्डोर' हा अल्बममधला सगळ्यात लांब ट्रॅक, सात मिनिटांना थोडा कमी. खरं तर कालक्रमाने हे गाणं कितीतरी आधी यायला हवं, कारण यात बर्फावरची ती चाल आहे. पण फिंगोल्फिन ती आठवतो मागाहून, राजा झाल्यावर. वेग नाही. पाय ओढत चालल्यासारखा ठेका. माणसं एकेक करून बर्फात गेलीत, टुर्गोनची बायकोही त्यात गेली. आता ज्याच्यावर असा अन्याय झाला त्या माणसाने काय गावं? मी असतो तर सावत्र भावाच्या नावाने खडे फोडले असते. फिंगोल्फिन ते करत नाही. त्या बंदरावरच्या कत्तलीत आपल्याही माणसांचे हात रंगले होते, हे तो विसरत नाही. दोष माझाही आहे, आपल्या सगळ्यांचा आहे, आणि याचा शेवट वाईट होणार हे मला दिसतंय. एवढंच. सात मिनिटं एक राजा आपल्या लोकांसमोर उभा राहून शरम कबूल करतो. मेटलमध्येच काय, एकूण गाण्यांमध्येच हे मी फार कमी ऐकलंय. राग गायला सोपा असतो, दुःखही सोपं. शरम गायची म्हणजे अवघड काम. ती मुळात लपवायची गोष्ट.

त्यानंतर काही शतकांनी मॉर्गॉथ आगीचे लोट सोडतो, एल्फांची फळी मोडते, आणि फिंगोल्फिनला वाटतं की सगळं संपलं. तो घोड्यावर बसतो आणि एकटा मॉर्गॉथच्या दारात जाऊन त्याला बाहेर बोलावतो. 'टाइम स्टँड्स स्टिल'. इथे बँड मोकळा सुटतो. पाच मिनिटांच्या आत सगळं. थोमेनचे पाय दोन्ही बेस ड्रमवर, आंद्रेची गिटार एकावर एक थर चढवत जाते, आणि रिफ पुढे झेपावत राहते. सात वेळा तो मॉर्गॉथला जखमी करतो, शेवटी पायावर घाव घालतो आणि मॉर्गॉथ त्यानंतर कायम लंगडतो. आणि फिंगोल्फिन मरतो.

वरवर बघितलं तर हे शुद्ध पॉवर मेटल. वीर, तलवार, घोडा, राक्षस. गालातल्या गालात हसणाऱ्यांना नेमकं इथेच हसायला येतं. पण 'नोल्डोर' ऐकून इथवर आलात तर हे शौर्याचं गाणं राहत नाही. हा माणूस जिंकायला निघालेला नाही. बर्फातल्या त्या प्रेतांचं काहीतरी देणं त्याच्या डोक्यावर आहे आणि ते फेडायचा त्याला दुसरा कुठलाच मार्ग सुचत नाही. तो वेग निराशेचा आहे. पॉवर मेटलचा सगळा फापटपसारा, डबल बेस, वरची पट्टी, शंभर आवाजांचा कोरस, हे सगळं मला या गाण्यात पहिल्यांदा गरजेचं वाटलं. एका गिटारवर एकटा माणूस बसून हे गाऊ शकला नसता.

'थॉर्न'वर मी आणखी दोन पानं लिहू शकतो, पण आवरतो. माएग्लिन, टुर्गोनचा भाचा, ज्याच्या फितुरीने गोंडोलिन पडतं. त्याच्या बापाने त्याच्यावर फेकलेला विषारी भाला आईला लागून ती गेली, बापाला शहराच्या तटावरून ढकलून मारलं गेलं, आणि जिच्यावर जीव जडला ती मामेबहीण, जी एल्फांच्या रिवाजात चालत नाही (आपल्याकडे चाललं असतं!). पुस्तकात टोलकिन त्याला फारशी सहानुभूती देत नाही. अल्बम देतो. फितुरी करण्याआधीच्या क्षणी त्याला पकडून सहा मिनिटं बोलायला लावतो, आणि ऐकणारा हळूहळू त्याच्या बाजूला झुकतो. झुकल्याचं लक्षात आल्यावर दचकतो. सावंतांच्या दुर्योधनाचं वाचताना असंच काहीसं झालं होतं.

'व्हेन सॉरो सँग'मध्ये बेरेन आणि लूथिएन आहेत, आणि तिच्या गायनाने मृत्यूच्या देवालाही पाझर फुटला असा तो शोक. हे गाणं अल्बममधल्या सगळ्यात वेगवान गाण्यांपैकी एक आहे. नावावरून तुम्ही पियानोची तयारी ठेवलेली असते, आणि मिळतो दौडणारा घोडा. पियानो त्याच्या आधी, 'द एल्डार'मध्ये, मरणाऱ्या फिनरॉडचा निरोप, जिथे गिटार जवळजवळ नाहीच. माझ्या मते पियानोवाल्यापेक्षा घोड्यावालं जास्त रडवतं. यावर वाद घालायला मी तयार आहे.

आता निवेदनांचं काय ते सांगतो, कारण या अल्बमवर सगळ्यात जास्त शिव्या त्यांनाच पडतात. बावीस ट्रॅक, त्यातले अर्धे म्हणजे वीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतचे छोटे तुकडे. कुठे संवाद, कुठे तलवारींचे आवाज, कुठे वारा, कुठे एखादी धून. निवेदनाला नॉर्मन एश्ली आणि डग्लस फील्डिंग हे इंग्लिश नट. लोकांचं म्हणणं, हे तुकडे काढून टाकले तर अल्बम परिपूर्ण. मला हे अजिबात पटत नाही. आख्यान रंगात आलेलं असताना कीर्तनकार बोलता बोलता पदात कधी शिरतो ते कळतही नाही, आणि गद्यातल्या त्या उतारामुळेच पद चढतं. 'बॅटल ऑफ सडन फ्लेम'चे ते चव्वेचाळीस सेकंद काढा, आणि फिंगोल्फिन घोड्यावर का बसला हे कळणारच नाही.

खरी भानगड वेगळीच आहे. हे तुकडे सीडीवर एकमेकांत मिसळतात, पण एमपी३ फाइल बनवताना एन्कोडर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटाला शांततेचे काही मिलिसेकंद चिकटवतो. प्लेअरला ते कापता आले नाहीत तर दर ट्रॅकला बारीकसा खड्डा पडतो. बावीस ट्रॅक म्हणजे एकवीस खड्डे, आपल्या रस्त्यांसारखंच. वर शफल लावलं तर बघायलाच नको. एखादं हिंदी गाणं संपतं, आणि पुढचे तेवीस सेकंद एक म्हातारा इंग्रज एका काळ्या एल्फबद्दल काहीतरी गूढ बोलून गायब होतो. गाडीत बसलेली मंडळी आपल्याकडे बघायला लागतात. तेव्हा तुकडे आवडत नाहीत असं म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न, ऐकलं कसं? गॅपलेस चालू होतं का?

सगळं छान छान आहे असंही नाही. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन, मेटॅलिकाच्या 'राइड द लाइटनिंग', 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि 'अँड जस्टिस फॉर ऑल'वाला डॅनिश गृहस्थ. त्याला साष्टांग दंडवत घालूनही म्हणतो की आवाजांच्या गर्दीत बेस कुठे जातो ते कळत नाही, आणि काही कोरसमध्ये एवढे थर आहेत की शब्द बुडतात. साध्या इअरफोनवर तर भाजी मंडईच. शेवटचं मोठं गाणं 'अ डार्क पॅसेज' मला कायम जरा जड वाटतं. मॉर्गॉथ तिथे पाचवी लढाई जिंकलेला आहे, म्हणजे पूर्ण अल्बममध्ये जिंकलेल्याच्या तोंडचं म्हणावं तर हे एकच गाणं, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी पकडतं. यात मला तरी योगायोग दिसत नाही. या बँडला तेव्हा जिंकलेल्या माणसाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

कव्हरबद्दल राहिलंच. आंद्रेयास मार्शालचं चित्र. मॉर्गॉथच्या दरबारात लूथिएन नाचतेय. आख्ख्या पुस्तकात एल्फांच्या बाजूने काही जिंकलं गेलं असेल तर त्याच रात्री, एक मणी परत मिळाला तो तिच्यामुळे. तो प्रसंग त्यांनी कव्हरवर लावलाय आणि त्यावर स्वतंत्र गाणं मात्र केलेलं नाही.

ऐकणार असाल तर एक सूचना. २००७च्या आवृत्तीत शेवटी 'हार्वेस्ट ऑफ सॉरो' हे जादा गाणं जोडलंय. गाणं सुंदर आहे, पण ते दुसऱ्या दिवशी ऐका. बाविसाव्या ट्रॅकवरचं पाऊण मिनिटाचं निवेदन संपलं की तिथेच प्लेअर बंद करा. आणि हो, हेडफोन चांगला घ्या, रविवार दुपार बघा, घरच्यांना पासष्ट मिनिटं हाक मारू नका म्हणून सांगून ठेवा. मारतातच, पण सांगून ठेवा.